दिवे लागतात, पण दिसतात का?

गेल्या वर्षी भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही महेश्वरला गेलो. घाटावर बसलो, नर्मदेत पाय सोडले, अहिल्याबाईंच्या वाड्यात एक चक्कर मारली आणि परत निघायला नेहमीप्रमाणे उशीर झाला. गाडी नानांची, चालवणारेही नानाच. नाना म्हणजे माझे आजोबा. वय ७८. आणि गाडी म्हणजे १९८६ साली घेतलेली दुधी रंगाची प्रीमियर पद्मिनी, जिचा गिअर स्टीअरिंगपाशी असतो आणि जिच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसू शकतात.

धामणोद गेलं, घाट चढून मानपूर मागे पडलं. उजेड जवळजवळ संपला होता. कापसाने भरलेली एक ट्रॉली अचानक समोर आली. तिच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. नानांनी ब्रेक दाबला. आम्ही वेळेवर थांबलो. पण मागून टायर घासल्याचा असा आवाज आला, की आईने डोळे मिटून घेतले. मागची मोठी गाडी आमच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती.

त्या गाडीतून एक तरुण उतरला. मला वाटलं, आता भांडण. पण तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. तो एवढंच म्हणाला, “बाबूजी, आपकी ब्रेक लाइट जलती ही नहीं।”

“जलती है,” नाना म्हणाले. “परसों ही देखी है।”

गाडी कडेला घेतली. नानांनी ब्रेक दाबला आणि मी मागे जाऊन उभी राहिले. नाना खोटं बोलत नव्हते. दिवा लागत होता. पण कसा? उदबत्तीच्या टोकाएवढा. दहा पावलं मागे गेले, तर लागला की नाही तेच कळेना.

घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

विकायची की ठेवायची?

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, “नाना, आता पुरे. गाडी विकून टाकू.” नाना काहीच बोलले नाहीत. ताटातला भात तसाच ठेवून उठले. आमच्या घरात नानांनी अन्न टाकल्याचं मी कधी पाहिलेलं नव्हतं.

बाबांचंही चुकत नव्हतं. पद्मिनीचे सुटे भाग मिळणं अवघड झालंय, दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाची धावपळ असते आणि त्यात हा प्रसंग. पण नानांची बाजूही मला कळत होती. त्या काळी गाडी पैसे मोजून लगेच मिळत नसे. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० चं रूप. पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, त्या दिवशी नानांनी ती बातमी मोबाइलवर तीनदा बघितली होती.

शेवटी तोडगा आईने काढला. ती मला म्हणाली, “तू घरूनच काम करतेस ना? मग जरा त्या दिव्यांचं काय ते बघ. दिवे नीट झाले तर पुढचं बोलू.”

विजेशी माझा संबंध चार्जरपुरता. तरी मी हो म्हटलं. नानांनी एकच अट घातली, “गाडीला एकही भोक पाडायचं नाही.”

जुना दिवा मंद का होतो?

आमच्या भागात गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडी बघितली आणि विचारलं, “बल्ब बदलून बघितला?” मी मान हलवली. नवा बल्ब कालच लावला होता, फरक अगदी थोडा पडला होता. चाचा हसले. त्यांच्या मते निम्मे लोक तिथेच थांबतात.

पुढचे दोन शनिवार मी त्यांच्याकडे स्टुलावर बसून जे शिकले, ते असं.

मागच्या दिव्यात बहुतेक वेळा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक ५ वॅटची, ती रात्री सतत जळते. दुसरी २१ वॅटची, ती ब्रेक दाबल्यावर लागते. दुकानात याला ‘२१/५’ बल्ब म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पिना मुद्दाम खालीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण होल्डर झिजलेला असेल तर कुणीतरी तो जबरदस्तीने उलटा बसवतो. मग रात्रभर ब्रेकचा दिवा जळत राहतो आणि ब्रेक दाबला की उजेड जेमतेमच वाढतो. आमच्या उजव्या दिव्यात नेमकं हेच झालेलं होतं. कधीपासून, देव जाणे.

दुसरी गोष्ट बल्बच्या मागच्या वाटीची. ही वाटी आरशासारखी चकचकीत असते आणि बल्बचा मागे जाणारा उजेड पुढे फेकते. आमच्या वाटीवर गंज आणि धुळीचा थर होता. बल्बचा निम्माअधिक उजेड ती गिळत होती. रबराचं पॅकिंग वाळून तडकलेलं, त्यामुळे दर पावसाळ्यात पाणी आत जात असणार.

तिसरी गोष्ट लाल काचेची. आपण काच म्हणतो, पण ते प्लॅस्टिक असतं. उन्हाने ते पांढुरकं होतं, त्यावर बारीक चरे पडतात. बाहेरून आम्ही ती दर रविवारी पुसत होतो. आतली बाजू मात्र ३८ वर्षांत बहुधा कुणीच पुसली नव्हती.

खरा चोर सापडला

वाटी घासून चंदेरी रंग लावला. लाल काच साबणाच्या पाण्याने धुऊन पॉलिश केली. बल्ब सरळ बसवला. उजेड वाढला, पण मनासारखा नाही. शिवाय डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा मागचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकायचा. मला ते गमतीशीर वाटलं. चाचांना नाही. “अर्थ गया है,” ते म्हणाले.

गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक वायर येते. वीज परत जायला मात्र वेगळी वायर नसते, गाडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. यालाच बॉडी अर्थ म्हणतात. दिवा जिथे पत्र्याला स्क्रूने जोडलेला असतो, तिथे गंज चढला किंवा पत्र्यावर नवा रंग मारला गेला, की तो रस्ता अडतो. मग वीज दुसरी वाट शोधते, कधी शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून. म्हणून एक लावला की दुसरा लुकलुकतो.

चाचांनी मीटर लावून दाखवलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. दिव्याच्या होल्डरवर १०.५. मी म्हटलं, दोन व्होल्टच तर कमी आहेत! पण साध्या बल्बचा हिशेब सरळ नसतो. व्होल्टेज थोडं घटलं तरी उजेड खूप घटतो. एक दशांश व्होल्टेज कमी झालं, की उजेड सुमारे तीन दशांशाने उतरतो. आमच्याकडे सहावा हिस्सा गायब होता, म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा. कोरा बल्ब लावूनही दिवा मंद का, याचं उत्तर त्या आकड्यात होतं.

उपाय अगदी साधा निघाला. स्क्रूखालचा पत्रा घासकागदाने चकचकीत केला आणि प्रत्येक दिव्यापासून एक जाड काळी वायर डिकीतल्या स्वच्छ पत्र्यावर, जुन्याच बोल्टखाली कसली. नवं भोक नाही. फ्यूज बॉक्समधला हिरवट थर खरवडला, ढिली झालेली टोकं आवळली. मीटरवर आकडा १२ च्या वर गेला. त्या सगळ्या कामाचं सामान दोनशे रुपयांचंही नव्हतं.

माझी चूक

मध्ये मी एक आगाऊपणाही केला. चाचांना न विचारता ऑनलाइन दोन एलईडी बल्ब मागवले. पाकिटावर ‘सुपर ब्राइट’ लिहिलेलं. लावले आणि अभिमानाने नानांना बोलावलं.

नाना बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, हा लाल कुठे आहे? गुलाबी आहे. ही माझी पद्मिनी आहे, लग्नाची वरात नाही.”

खरंच गुलाबी होता. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग जास्त आणि लाल भाग कमी असतो. लाल काचेतून फक्त लाल उजेड बाहेर यायचा असतो, म्हणून पुष्कळसा उजेड आतच अडतो आणि जो बाहेर येतो तो फिकट दिसतो. लाल काचेमागे एलईडी लावायचाच, तर लाल एलईडीच हवा.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. दिव्याची वाटी साध्या बल्बच्या तारेसाठी घडवलेली असते. ती तार चहूबाजूंनी उजेड देते, वाटी तो गोळा करून मागे फेकते. माझ्या स्वस्त एलईडीचा सगळा उजेड एकाच दिशेने जात होता. सरळ मागे उभं राहिलं तर डोळे दिपत, जरा बाजूला सरकलं तर अंधार. शिवाय ब्रेक दाबल्यावर पडणारा फरक फारच थोडा. आणि मागच्या दिव्याचं सगळं काम त्या फरकातच असतं. सतत जळणारा दिवा सांगतो ‘मी इथे आहे’ आणि ब्रेकचा दिवा सांगतो ‘मी थांबतोय’. दोन्ही सारखेच दिसले, तर मागच्याला निरोप पोहोचतच नाही.

ते बल्ब आता माझ्या टेबलाच्या खणात आहेत. आम्ही चांगल्या प्रतीचे साधे २१/५ बल्बच ठेवले.

तिसरा दिवा

पण एलईडी सगळ्याच ठिकाणी वाईट नाही. साध्या बल्बची तार तापून पूर्ण प्रकाशायला थोडा वेळ घेते. एलईडी त्याच्यापेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी लागतो. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात चार मीटरांहून जास्त पुढे येते, म्हणजे जवळजवळ एका पद्मिनीची लांबी. मानपूरला आमच्यात आणि त्या गाडीत उरलं होतं ते हातभर.

म्हणून चाचांनी सुचवला तिसरा ब्रेक दिवा, मागच्या काचेच्या आतल्या फळीवर ठेवायचा. हल्लीच्या गाड्यांना तो कंपनीतूनच येतो. पद्मिनीच्या जमान्यात नव्हता. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर असा दिवा लावून बघितला, तेव्हा मागून बसणाऱ्या धडका खूपच कमी झाल्या. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा झाला. नानांनी पद्मिनी घेतली तेच वर्ष!

गंमत म्हणजे, सगळ्याच गाड्यांना तो आल्यावर लोकांच्या डोळ्यांना सवय झाली आणि फायदा बराच उतरला. तिथल्या सरकारी अभ्यासात तो शेवटी सुमारे ४ टक्क्यांवर स्थिरावला. पण एवढ्या स्वस्त दिव्याने शंभरातल्या चार धडका टळत असतील, तर तेही थोडं नाही.

या दिव्याचा मोठा गुण त्याची उंची. खालचे दिवे फक्त लगेच मागच्या गाडीला दिसतात. वरचा दिवा तिच्या काचांमधून आरपार, तिच्याही मागच्या गाडीला दिसू शकतो. आम्ही लाल एलईडीची एक पातळ पट्टी फळीवर बसवली. वायर डिकीतून, ब्रेकच्या दिव्याच्याच वायरला जोडलेली. इथेही भोक नाही. मनात आलं तर पाच मिनिटांत काढून ठेवता येईल, हे नानांना दोनदा दाखवलं, तेव्हा त्यांनी होकार दिला.

आणि बंपरच्या खाली दोन लाल रिफ्लेक्टर चिकटवले. हे मला सगळ्यात आवडलं, कारण त्यांना वीजच लागत नाही. बॅटरी उतरली, गाडी रस्त्यात बंद पडली, तरी मागून येणाऱ्याच्या हेडलाइटचा उजेड ते त्याच्याचकडे परत पाठवतात. त्या कापसाच्या ट्रॉलीला असे दोन जरी असते, तर नानांना एवढा जोरात ब्रेक दाबावा लागला नसता.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर

पद्मिनी असो, अँबॅसेडर असो किंवा बाबांची पहिली मारुती, हे करून बघा:

• अंधार पडल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून उभी करा. दिवे लावा, ब्रेक दाबा. भिंतीवरचे दोन्ही लाल ठिपके सारखे दिसायला हवेत. एक मंद असेल तर त्या बाजूचा अर्थ आणि बल्ब तपासा.

• घरातल्या कुणाला तरी मागे ५० पावलांवर उभं करा. साधा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांतला फरक त्यांना झटकन कळला पाहिजे. हीच परीक्षा भर दुपारीही घ्या. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा उजेड आपल्या मनाने कमीजास्त करतो.

• बल्बची काच आतून काळपट झाली असेल तर तो जळायची वाट न बघता बदला. जोडीनेच बदला.

• दिवे अजिबात लागत नसतील, तर बल्बबरोबर ब्रेकचा स्विचही बघा. काही जुन्या गाड्यांत तो पेडलपाशी असतो, काहींत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो.

• इंडिकेटरला एलईडी लावला तर जुना फ्लॅशर नीट चालत नाही, कारण तो बल्बच्या करंटवर अवलंबून असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो.

• मागे पांढरे, निळे किंवा सतत लपलपणारे दिवे नकोत. मागचा दिवा लालच हवा, आणि मागच्याचे डोळे दिपतील इतका प्रखर नको.

नानांनी पहिल्यांदा पाहिलं

काम पूर्ण झालं त्या संध्याकाळी मी नानांना म्हटलं, “चला, एक चक्कर मारून या. मी मागे उभी राहून बघते.”

ते गाडीपाशी आले, किल्ली हातात घेतली आणि मग अचानक माझ्या हातात दिली. “तू चालव. मीच मागे उभा राहतो.”

मला लायसन्स मिळून चार वर्षं झाली होती, पण पद्मिनीला हात लावायची मुभा मला कधीच नव्हती. स्टीअरिंगपाशी गिअर टाकताना दोनदा खरखर झाली. आरशात बघितलं, तर नाना कॉलनीच्या रस्त्याच्या मधोमध, काठी टेकून उभे. मी हळूहळू पुढे गेले. कोपऱ्यापाशी ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मग वळून परत आले.

नाना काही वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं, पुन्हा काहीतरी गुलाबी झालं की काय!

मग म्हणाले, “इतकी वर्षं चालवली, पण ती जाताना कशी दिसते ते आज बघितलं.”

मी याचा विचारच केला नव्हता. ज्याच्या हातात स्टीअरिंग असतं, त्याला आपला मागचा दिवा कधी दिसत नाही. तो लागतो असं त्याला वाटत असतं, आणि त्याच्या परीने ते खरंही असतं. दिसतो की नाही, हे मागचाच सांगू शकतो. मानपूरला त्या अनोळखी माणसाने ते सांगितलं होतं आणि नानांना तो अपमान वाटला होता.

रात्री जेवताना बाबांनी विकण्याचा विषय काढला नाही. नानांनीच काढला. म्हणाले, “दिवे आता चांगले आहेत. पण दिवे मागच्यासाठी असतात. समोरचं मला अंधारात पूर्वीसारखं दिसत नाही, हे त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. ट्रॉली मला उशिरा दिसली.”

कुणीच काही बोललं नाही. आईने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

“दिवस मावळला की ही चालवेल,” माझ्याकडे बोट दाखवून नाना म्हणाले. “पण सकाळी राजवाड्याला मीच नेणार.”

आता रोज गाडी काढण्याआधी नाना ब्रेक दाबून बसतात आणि खिडकीतून हाक मारतात, “अगं, बघ गं, दिसतोय का?” पूर्वी ते ‘लागतोय का’ असं विचारायचे. मी मागे जाते, ५० पावलं मोजते आणि तिथून हात वर करते.